भिंगरीची न फाटणारी विजार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं लिहायला. कंबर धरल्यापासून मी खाली पडलेली वस्तू पायाने सरकवत भिंतीपर्यंत नेतो आणि मग भिंतीला धरून उचलतो.) तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही असं तू या पत्रात लिहिलंस, पण मागच्या पत्रात उजवा कान होता. तेव्हा नक्की कोणता, की आता दोन्ही, ते स्पष्ट कळव. मी दोन दिवस त्याच काळजीत आहे. माझी तब्येत म्हणशील तर तशी ठीक आहे, फक्त ठीक असली की मला भीती वाटते की आता काहीतरी होणार. सूनबाई म्हणते, बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही. ती दवाखान्यात काम करते म्हणून मी ऐकून घेतो.

आता तुझा प्रश्न. तुझ्या नातवाला, म्हणजे आपल्या पैलवानाला, महागाची पण टिकाऊ विजार घ्यावी, की नेहमीसारखी स्वस्तातली घेऊन दर दोन महिन्यांनी तिच्या गुडघ्यांना ठिगळं लावत बसावं, असं तू विचारलंस. प्रश्न तू अगदी योग्य माणसाला विचारलास, पण चुकीच्या आठवड्यात. कारण याच टिकाऊ विजारीपायी माझं काम गेलं आहे. काम म्हणजे नोकरी नव्हे, ती संपून अकरा वर्षं झाली. नात भिंगरी, हिला दुपारी साडेबाराला बालवाडीतून घरी आणायचं, एवढं एकच काम या घरात माझ्या नावावर होतं. मुलगा बाटल्यांच्या कारखान्यात पाळीवर, सूनबाई दवाखान्यात इंजेक्शनं देण्यात, साडेबाराला मोकळा असा मी एकटाच. (साडेबाराला म्हणजे काय, तसा मी दिवसभरच मोकळा असतो.) मंगळवारपासून ते काम खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंकडे गेलं आहे. त्या आणतात, वर येतात, बेल वाजवतात आणि माझ्याच नातीला माझ्या हातात देताना मला म्हणतात, नीट धरा हं. मी बारा वाजता सवयीने चपला घालतो, मग आठवतं, मग काढतो. काल तीनदा घातल्या.

हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुला निवाडा करता येईल. भिंगरी चार वर्षांची आहे आणि ती चालत नाही, घासत जाते. तिच्या अंगावर कापड म्हणून जे चढतं ते महिन्याभरात चाळणी होतं. आता तू जाणतेस, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला जगातलं फारसं काही कळत नाही, पण चौतीस वर्षं मी मालट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्या. फाटकं कापड दिसलं की माझा हात आपोआप सुईदोरा शोधू लागतो. बायकांना रडणारं मूल बघवत नाही तसं मला उसवलेली शिवण बघवत नाही. तर गेल्या महिन्यात मी कोणालाही न सांगता एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे खांद्यावरून पट्टे येणारी, छातीपर्यंत चढणारी एक विजार होती. तिला डंगरी म्हणतात. दुकानातली मुलगी म्हणाली, आजोबा, ही फाटणारच नाही. मी म्हटलं, तुझं वय किती, आणि तू ताडपत्री किती पाहिलीस? मग मी माझ्या पद्धतीने कापड तपासलं. आधी दोन्ही मुठीत धरून हिसडा दिला. मग किल्लीने घासलं. मग बाटलीतलं पाणी ओंजळभर ओतून खालून हात लावून पाहिलं. (पाणी पाझरलं, पण ते ठीक आहे, भिंगरी काही सिमेंट वाहून नेणार नव्हती.) तेवढ्यात त्या मुलीने मालकाला बोलावलं होतं. मालक भला माणूस. ओली झालेली विजार तुम्हालाच घ्यावी लागेल, एवढंच तो म्हणाला.

किंमत मी तुला लिहीत नाही, तुझा गुडघा आधीच दुखतो आहे. एवढंच समज की आपल्या तिघा भावंडांचे वर्षभराचे शाळेचे कपडे त्यात आले असते, आणि वडिलांचं धोतरही. माझा चेहरा बघून मालक म्हणाला, काका, ही एका मुलाची वस्तूच नाही, हिच्यात दोन मुलं मोठी होतात, जपून वापरली तर तीन. हे मला पटलं आणि इथेच पहिला घोटाळा झाला. घरी सगळे जेवायला बसले असताना मी सूनबाईला सरळ विचारलं की दुसरं कधीपर्यंत होईल, कारण त्याशिवाय ही विजार परवडत नाही. मुलगा ताटात बघू लागला. सूनबाईने हातातला चमचा खाली ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं की मुलासाठी विजार आणायची असते की विजारीसाठी मूल? मी आणखी एक पोळी मागून घेतली. तुला याचं उत्तर सुचलं तर लिही.

दुसरं म्हणजे मी ती वाढत्या अंगाची आणली होती. आपल्याकडे कोणी अंगाच्या मापाची वस्तू आणलेली मला आठवत नाही. (मला तुझा झगा कापून केलेला सदरा आठवतो, त्याला मी दहावं सरलं तरी अंगाने पुरा पडलो नव्हतो.) आता इतके पैसे मोजायचे आणि वर्षभरात ती आखूड व्हायची, हे मला सोसण्यासारखं नव्हतं. म्हणून चार वर्षांच्या मुलीला मी सात वर्षांची विजार आणली. पायाशी चार घड्या घातल्या. पण पाठीमागे कापडाचा असा मोठा झोळ राहिला की भिंगरी पुढे चालायची आणि विजार तिच्या मागून यायची. त्यात तिने दुसऱ्याच दिवशी बालवाडीतले ठोकळे भरून आणले आणि तिथल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली.

तिसरी गोष्ट सांगताना मला थोडा संकोच वाटतो. विजारीचं कापड चोख होतं, पण पट्टे जिथे बकलांना जोडले होते तिथली शिवण मला पसंत नव्हती. एकेरी टाका, आणि दोरा म्हणशील तर पतंगाचा. तेव्हा मी माझी जुनी पेटी काढली, दाभण काढला, दोऱ्याला मेण लावलं आणि दोन्ही पट्ट्यांना आमच्या कारखान्याचा दुहेरी टाका घातला. त्याच ओघात बकलंही शिवून बंद करून टाकली, कारण बक्कल हा माझ्या अनुभवाप्रमाणे कुठल्याही वस्तूतला सर्वांत बेभरवशाचा भाग. काढायची घालायची अडचण नव्हती, विजार इतकी मोठी होती की भिंगरी वरूनच तिच्यात उतरायची, विहिरीत उतरावं तशी.

आता सोमवारची हकीकत. बालवाडीच्या अंगणात लोखंडी घसरगुंडी आहे. तिच्या कठड्याचा एक बोल्ट बाहेर आला आहे, हे मी बाईंना दोनदा सांगितलं होतं. (हे सूनबाईला कोणीतरी सांगायला हवं.) साडेबाराला मी फाटकाशी पोहोचलो तेव्हा भिंगरी वरून घसरायला निघाली, वाटेत बाजूला कलली, पाठीमागचा झोळ त्या बोल्टमध्ये अडकला आणि माझी नात कठड्याच्या बाहेर, जमिनीपासून हातभर वर, खुंटीला पिशवी अडकवावी तशी लटकू लागली. दुसरी कुठलीही विजार असती तर टर्रकन फाटली असती आणि मूल वाळूत बसलं असतं, विषय संपला असता. ही फाटली नाही. तिचा एक धागासुद्धा हलला नाही. भिंगरीला काहीही लागलेलं नव्हतं हे आधी लिहितो. ती स्वतःभोवती फिरत होती आणि हसत होती. मी ताबडतोब धावलो.

बाईंनी पट्टे काढायला बकलं चाचपली, तर ती शिवलेली. मग कात्री आणली, तर ती बालवाडीची, बोथट टोकाची, कागद कापतानाही विचार करणारी. मग शिपाई झाडं छाटायची कात्री घेऊन आला. त्याने पट्ट्यावर जोर लावला, चेहरा लाल झाला, कात्री वाकडी झाली, पट्टा जसाच्या तसा. तोवर बाकीच्या मुलांनी घसरगुंडीसमोर रांग लावली होती, आता आमची पाळी म्हणून. शेवटी मावशी नावाची जी बाई मुलांचे हातपाय धुते, तिने कात्री बाजूला सारली, भिंगरीच्या काखेत हात घातले आणि तिला वर उचलून विजारीतून अलगद बाहेर काढलं. मोठी विजार घेण्याचा हा फायदा तेव्हा कळला. भिंगरी बनियन आणि चड्डीवर घरी आली. विजार तिथेच लटकत राहिली. ती मी नंतर बोल्टवरून सोडवून आणली.

त्या संध्याकाळी सूनबाईने जाहीर केलं की उद्यापासून शिकवणीवाल्या बाई आणतील. मुलगा पाळीवरून आला की दोन तास फक्त बाटल्याच दिसत असतात त्याला. मी वाद घातला नाही. पण ताई, तूच सांग, यात माझा दोष कुठे आहे? बोल्ट बालवाडीचा, विजार दुकानाची, लटकली भिंगरी. माझा फक्त टाका, आणि तो तर टिकला. तेव्हा टिकाऊ कपडा घ्यावा की नाही यावर माझं म्हणणं असं की वस्तू म्हणून तो पैशाला जागतो, त्यात वाद नाही, पण घर त्याला तयार आहे का ते आधी बघावं. भाऊजींना नमस्कार, जो कान चालतो आहे त्यात सांग.

तुझा धाकटा

ता.क. पत्र एवढ्याचसाठी होतं असं नाही. सूनबाई तुला मानते. तू तिला दोन ओळी लिही की माझ्या भावाच्या हाती मूल म्हणजे काही काळजीच नको. तुझ्या शब्दांत लिही, पण हेच शब्द. तुझ्या थोरल्याला मी एकदा न्हाव्याच्या दुकानात विसरून आलो होतो तो विषय काढू नकोस. त्याला पस्तीस वर्षं झाली, आणि तो काही हरवला नव्हता, न्हाव्याने त्याचे केससुद्धा कापून ठेवले होते. पत्र सूनबाईच्या नावे पाठव, म्हणजे मी सांगितलं असं वाटणार नाही.

आणखी ता.क. वरचं लिहू नकोस. पाकिटाला डिंक शोधायला मी आत गेलो आणि पत्र टेबलावर राहिलं. परत येतो तर सूनबाई उभ्यानेच शेवटचं पान वाचत होती. मला वाटलं आता न्हाव्यावर येणार. पण ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, माझा त्या विजारीवर राग नाहीच. पोर लटकत होती आणि तुम्ही बाईंना शिवण दाखवत होतात."

ताई, हे खरं आहे. वर मी ताबडतोब धावलो असं लिहिलं ते खोटं नाही, पण धावल्यावर काय केलं ते लिहिलं नाही. मी पट्टा धरला आणि बाईंना हाक मारली, शिपायाला हाक मारली, मुलांना न्यायला आलेल्या दोघी उभ्या होत्या त्यांनाही बोलावलं आणि म्हटलं, बघा, सगळं वजन या एका टाक्यावर आहे. बाई म्हणतात पाच मिनिटं, मी म्हणतो तीन. सूनबाईला मी एवढंच सांगितलं की चौतीस वर्षं शिवलं, पण फाटल्याशिवाय शिवणीकडे कोणी बघत नाही. न फाटलेल्या शिवणीकडे माणसं उभी राहून बघतायत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तिने पत्राच्या नीट घड्या घातल्या. मग म्हणाली, "सोमवारपासून तुम्हीच जा. पण तिला मी पटकन फाटेल असाच फ्रॉक घालीन. म्हणजे तुमचं लक्ष पोरीकडे राहील." मी कबूल केलं. चपला दाराशी काढून ठेवल्या आहेत, आज अजून शनिवारच आहे.

शेवटचं ता.क. तेव्हा पैलवानासाठी काही विकत घेऊ नकोस. ही विजार आता इथे चालणार नाही, ती याच टपालाने वेगळ्या पुडक्यातून पाठवतो आहे. त्याला मापानेही बरोबर येईल. बकलं उसवून पाठवणार होतो, पण दाभण हातात घेतला आणि धीर झाला नाही. पुडकं उघडलंस की खिडकीशी उजेडात जाऊन आधी डाव्या पट्ट्याची शिवण बघ. मग पोराला घाल.