अर्धाच बदलायचा

१४ मार्च

धाकटे,

आज सकाळी प्रयोगशाळेतली तुझी डिश बंद केली. दुपारी डबा खाल्ला, पाचला घरी आले.

कॅन्सरच्या उपचारांआधी काढून गोठवलेला तुझ्या अंडाशयाचा तुकडा, तू फॉर्मवर 'संशोधनाला द्या' लिहिलं होतंस तसा, तू गेल्यावर आमच्या प्रयोगशाळेत आला. त्यावर फक्त नंबर होता. तुझ्या पावतीवरचा म्हणून मी ओळखला. आमच्या प्रमुख मॅडमना सांगितलं नाही, नाहीतर काम दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं.

ज्यांत बीज वाढतं त्या पुटिका नुसत्या ठेवल्या तर तीन दिवसांत मरतात. आधाराच्या पेशींसोबत ठेवलेल्यांतली एक वाढली. हे काम मी तुला समजावलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, "माझ्यावरच गेल्यात गं ताई. मी तरी एकटी कधी दुकानात गेले?"

एक दिवसाआड पोषक द्रव बदलायचा, पण अर्धाच. सगळा काढला तर पेशींनी त्यात सोडलेलंही जातं आणि पुटिका खचते. वाढवायची परवानगी चौदा दिवसांची होती, ते आज भरले.

मॅडम म्हणाल्या, "छान वाढली होती. टाकायचं जिवावर येतं, नाही?"

"नियम आहे," मी म्हटलं.

घरी आई म्हणाली, "तिचं कपाट तेवढं रिकामं कर बाई. माझ्याच्यानं होत नाही." आणि ती बाहेर जाऊन बसली.

मी दार लोटून घेतलं. अर्धे कपडे पिशवीत भरले. उरलेल्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या आणि कपाट लावून घेतलं.

तुझी,
ताई