टाच बाहेर!

१ फेब्रुवारी, रविवार

परत पडलो! टेकडीच्या दगडी उतारावर पाय पेडलवरून सटकला आणि पेडलच्या दात्यांनी नडगी सोलून काढली. लंगडत घरी आलो. हिने औषध लावलं. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "अजून एकदा काही मोडून-फोडून आलात ना, तर ती सायकल विकली म्हणून समजा."

ही लहान मुलांना पोहायला शिकवते. बोलते ते करते. तलावात ढकलते म्हणाली की ढकलतेच.

सायकल गेली तर माझ्याकडे उरलं काय? आठवडाभर दवाखान्याच्या प्लास्टर रूममध्ये लोकांची मोडलेली हाडं गुंडाळायची. रविवारची ती सकाळ तेवढी माझी. ती गेली तर मी चिडका म्हातारा होईन. चिडका तर आहेच.

२ फेब्रुवारी, सोमवार

डबा खाताना एक्स-रेवाल्याला नडगी दाखवली. तोही सायकलवाला. म्हणाला, "क्लिपलेस पेडल घे. बुटाच्या तळाला क्लीट असते, ती पेडलमध्ये अडकते. पाय सटकायचा प्रश्नच नाही."

"आणि पडायला लागलो तर?"

"टाच बाहेर वळवायची. सुटतो पाय."

"नाही सुटला तर?"

"मग मी आहेच वरच्या मजल्यावर. छान फोटो काढू."

५ फेब्रुवारी, गुरुवार

ऑनलाइन बूट मागवले. निम्म्या किमतीत! पांढरेशुभ्र, चकचकीत. लोक उगाच दुकानात जाऊन पैसे उधळतात.

८ फेब्रुवारी, रविवार

लोक उधळतात ते बरोबर करतात.

बूट आले. तळ लाकडासारखा कडक. घालून स्वयंपाकघरापर्यंत गेलो तर ही म्हणाली, "बदक आलं का घरात?" सायकलच्या दुकानात नेले. दुकानदाराने बूट उलटा केला आणि थेट हसायलाच लागला. "काका, क्लीटला तीन भोकं. हे रस्त्यावरच्या सायकलचे. डोंगरावर उतरून चालायची वेळ आली तर यात बसूनच खाली याल."

डोंगरासाठी बुटाला दोन भोकं हवीत, आणि क्लीट रबराच्या तळात आत दडलेली हवी, म्हणजे दगडावर चालता येतं. पेडल दोन्ही बाजूंनी अडकणारं घ्यायचं, नाहीतर उतारावर पायाने बाजू शोधत बसायचं. आणि स्प्रिंग ढिली करता आली पाहिजे. बाकीचे महागडे नखरे नवशिक्याला लागत नाहीत, हे तोच म्हणाला. दुकानदाराने स्वतःहून स्वस्त माल दाखवला की मला उगाच शंका येते, पण पेडल घेतलं.

बूटही घेतले. मागच्या वर्षीचे, पडून राहिलेले. पोपटी.

"हा रंग कुणी घेत नाही, म्हणून स्वस्त," तो म्हणाला. का घेत नाही ते दिसतच होतं. पांढरी बदकं परत पाठवली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज माती खाल्ली.

क्लीट अंगठ्यामागच्या हाडाच्या जरा मागे बसवायची असते. आता मी प्लास्टरवाला माणूस, मी काय अंदाजपंचे बसवणार? उरलेला प्लास्टरचा रोल घरी होता. भिजवला, साचा काढायला उजव्या पायाला मस्त गुंडाळला, हाडावर पेन्सिलने खूण केली आणि पाय स्टुलावर ठेवून वाळायची वाट बघत बसलो. तेवढ्यात ही आली.

पिशवी खाली ठेवली. पायाकडे बघितलं. मोबाइल काढला आणि सरळ बाल्कनीत जाऊन सायकलचे फोटो काढायला लागली. विकायला!

"अगं, मोडला नाहीये!"

"मग प्लास्टर कशाला?"

"बूट बसवायला."

हे बोलल्यावर मलाच ते पटेना. पाय धड आहे हे दाखवायला उठून चालायला गेलो. प्लास्टर ओलं, फरशी गुळगुळीत. हिने कॉलर धरली म्हणून वाचलो. "याला न मोडणं म्हणतात?" म्हणाली, आणि मग जी हसत सुटली ती थांबेचना. मी मात्र घामाघूम. फोटो अजून मोबाइलमध्ये आहेत.

कापायची करवत दवाखान्यात! बादलीत पाय बुडवून बसलो. प्लास्टर निघालं, खूणही त्याच्याबरोबर गेली. शेवटी बोटाने चाचपूनच क्लीट बसवली.

१५ फेब्रुवारी, रविवार

टेकडी बंद. पॅसेजमध्ये सराव. दोन्हीकडे भिंती, मागे सीट धरून ही. तोंडात शिट्टी!

"टाच बाहेर! टाच!"

"निघत नाहीये!"

"वर ओढताय म्हणून. घाबरलं की सगळे वरच ओढतात, तलावातली माझी पोरंही. वर नाही, बाहेर!"

मी स्प्रिंग ढिली करतोय असं समजून तीन दिवस घट्ट करत होतो, हेही तिनेच शोधलं. स्क्रू उलटा फिरवला आणि पाय लोण्यातून निघावा तसा निघाला. वरच्या काकूंनी खाली डोकावून विचारलं, "सगळं ठीक आहे ना? कुणाला मारताय का?"

"शिकवतेय," ही म्हणाली.

काकूंचं काही समाधान झालेलं दिसलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भिंतीवर पडलो. हे पडण्यात धरत नाही. भिंत शाबूत, मीही शाबूत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सिग्नलला थांबलो. डावा पाय सोडला आणि उजवीकडे कललो. सावकाश, अगदी झाड पाडावं तसा, सायकलसकट आडवा! रस्त्यावर लोक उभे. त्यातले एक आजोबा पुढे आले. महिन्यापूर्वी मीच त्यांच्या मनगटाला प्लास्टर घातलं होतं.

"साहेब, पडताना हात टेकायचा नाही असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"टेकला का मी?" म्हटलं. टेकायला वेळच मिळाला नव्हता.

कोपर खरचटलं. घरात फुल शर्ट घालून फिरतोय. "उकडत नाही का?" हिने विचारलं. म्हटलं, जरा कणकण आहे. काढा प्यावा लागला. सायकलसाठी काय काय गिळावं लागतंय!

२२ फेब्रुवारी, रविवार

जमलं!!

तोच दगडी उतार. सायकल हादरत होती, दात वाजत होते, पण पाय जागचे हलले नाहीत. घाबरलो होतो, खोटं कशाला लिहू? मध्यावर आलो आणि भीती गेली. मोठ्याने ओरडलो. पन्नाशीचा माणूस, एकटाच ओरडतोय! खाली आलो, टाच बाहेर, पाय जमिनीवर. सगळं कसं शिस्तीत.

ही पहिल्यांदाच बघायला आली होती. पायथ्याशी दगडावर बसून होती. मला वाटलं, जखमा तपासेल. तर पोपटी बुटांकडे बघत तिने एवढंच विचारलं, "इतकी मजा येते?"

"खूप," म्हटलं.

घरी आल्यावर माझ्यासमोर मोबाइलमधले सायकलचे फोटो पुसून टाकले. मी जिंकलो!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी प्लास्टर रूममध्ये पुढचा पेशंट बोलावला, तर दारात ही! डावं मनगट उजव्या हाताने धरलेलं, पायात माझे पोपटी बूट, आत दोन जोड मोजे.

"वर ओढला पाय," म्हणाली.

मी प्लास्टर घातलं. ते वाळल्यावर ही म्हणाली, "संध्याकाळी त्या दुकानात जाऊ. मला माझ्या मापाचे हवेत."

"अगं, आधी हात तर बरा होऊ दे!"

"बूट पायात घालतात," ही म्हणाली.