तळाचा रंग

प्रिय सदामामा,

“पोरी, तळालाबी रंग द्यायचा न्हवं?” उद्यमनगरातल्या तुमच्या कारखान्यातून फोन करून तुम्ही एवढंच विचारलं होतंत. बंगलोरला मी मीटिंगच्या घाईत होते. “ड्रॉइंगमध्ये सगळं आहे, मामा,” म्हणून फोन ठेवला.

त्याला दहा वर्षं झाली. काल तुमच्या सुनीलचा फोन आला. तुम्ही गेल्यावर तुमचं कपाट आवरताना त्याला आमच्या ऑफिसचा कागद सापडला. “ताई, आप्पांचा सगळा माल परत आलता व्हय? आमाला कधी बोलले न्हाईत. काय चुकलं हुतं त्यांचं?”

‘उद्या सांगते,’ असं मी त्याला म्हणाले. त्याआधी तुम्हाला लिहितेय.

लढाऊ विमानात रेडिओ, रडार, मोजमापाची यंत्रं खेटून बसतात. एकाच्या लहरींनी दुसरं बिघडू नये, हे पाहणं माझं काम. त्यासाठी यंत्राच्या पेटीचा बिनरंगाचा तळ विमानाच्या धातूला टेकावा लागतो. मध्ये रंग आला की संपर्क तुटतो. तुमच्या पेट्या बसवल्या आणि चाचणीत रेडिओवर कुणी बोललं की इंधनाचा काटा थरथरू लागला.

किती नेटक्या रंगवल्या होत्यात! कुणाला कधी दिसणार नाही तो तळसुद्धा. ओघळ नाही, डाग नाही.

मी ‘कामात हयगय’ असा शेरा लिहून सही केली. मग ड्रॉइंग पाहिलं. तळ कोरा ठेवा, हे मी लिहिलंच नव्हतं.

शेरा का बदलला नाही? नोकरी नवी होती, विभागात मी एकटीच बाई होते. कारणं होती. आज त्यातलं एकही तुम्हाला सांगवत नाही.

तुम्ही पेट्या परत नेल्यात, तळ स्वतः घासून काढलेत. आमच्या ठेकेदारानं तुम्हाला पुन्हा विमानाचं काम दिलं नाही. ड्रॉइंग तर तुमच्याकडेही होतं, मामा. ते त्याच्यापुढे का नाही टाकलंत? दिवाळीला भेटलात तेव्हा म्हणालात, “उडालं का न्हाई तुझं विमान?” तुम्ही रागावला असतात तर मी कबूल केलं असतं, असं वाटतं. हेही मी माझ्या सोयीनं मानत असेन.

आज सुनीलला सगळं सांगेन. ऑफिसातही त्या शेऱ्याची दुरुस्ती माझ्या सहीनं देईन. हा माझा शब्द.

एक मागते. एकदाच म्हणा, ‘चूक तुझी हुती, पोरी.’ तुम्ही म्हणणार नाही. तरी म्हणा.

तुमची भाची,
शैला