अण्णाच्या मापाची बंदूक

२० ऑगस्ट
करवत! माझा भाचा, अण्णाचा मुलगा बिद्दप्पा म्हणतो, बंदुकीचा दस्ता कापून आखूड करू, नाहीतर बाबांना सांगू की आता टांगा ती भिंतीवर. म्हटलं, आधी तुझी जीभ आखूड कर. गेल्या कैलपोदला, शस्त्रपूजा झाल्यावर, अण्णाचा बार झाडावरच्या नारळाला चाटूनही गेला नाही. लोक हसले. तेव्हापासून माझा भाऊ बंदुकीला शिवलेला नाही. यंदाच्या सणाला मागे राहिला, तर कायमचाच मागे राहील.

२२ ऑगस्ट
नेम शाबूत आहे. अण्णाच आटलाय. आजारपणात खांदे उतरले, गाल बसले. जन्मभर रुग्णालयात मेट्रन होते, एवढं दिसतं मला. लांब दस्ता काखेत अडकतो. गाल टेकवला की डोळा इतका खाली जातो की नळीचं मागचं टोकच आड येतं. पण मापाला उभा राहील तर शपथ. “शिंप्याकडे आलोय का मी?”
मग मीच उभी राहिले. आता आम्ही दोघं एका मापाचे. एकेकाळी त्याच्या खांद्यावर बसून संत्री तोडायचे मी!

२५ ऑगस्ट
बंदूक रिकामी आहे ना, दोनदा पाहिलं. दस्त्याच्या टाचेचे स्क्रू काढले. आत फणसाच्या लाकडाच्या दोन चकत्या. आमच्या वडिलांनी, अप्पांनी बसवलेल्या. अण्णा एका पावसाळ्यात ताडमाड वाढला होता. मी कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले होते. अप्पा ओसरीवर कानस चालवत होते, आणि भुसा भातात उडतो म्हणून अव्वा आतून करवादत होती. चकत्यांना अजून अप्पांच्या विडीचा वास येतो असं वाटलं. मूर्खपणा. तरी बराच वेळ हातातच होत्या.
काढून ठेवल्या. टाच परत आवळली.

२८ ऑगस्ट
जुन्या फेल्ट हॅटचे तुकडे, वर औषधाची चिकटपट्टी. गाल टेकतो तिथे एकेक थर. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, मग उघडायचे. दोन थरांना नळीचं बूडच दिसतं. चार थरांना अख्खी नळी रस्त्यासारखी पसरते. तीन थर — समोर नेमकी टोकाची माशी, नेम धरायचा मणी! तीनवर थांबले.
बिद्दप्पाने विचारलं, “आत्या, हिचं हाड मोडलं का?”
“करवतीच्या भीतीने.”

१ सप्टेंबर
बंदूक देवघरात. पट्टी झाकायला जास्तीची फुलं बांधली.

३ सप्टेंबर
कैलपोद. अण्णा काळ्या कुप्प्याच्या, सणाच्या लांब डगल्याच्या, आत जाड स्वेटर घालून आला. काढ म्हटलं. थंडी वाजते म्हणाला. म्हटलं, मग दस्ता पुन्हा लांब होईल. बिद्दप्पासमोर वाद नको म्हणून असेल, काढला.
सगळे अंगणात. मी पायरीवर, जपाची माळ ओढत. बार झाला. नारळ फुटला, पाणी उन्हात उडालं. लोक ओरडले. अण्णाने पट्टीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.
जेवताना तांदळाचे उकडलेले गोळे, कडंबुट्टू, आणि डुकराचं मटण दोनदा मागून घेतलं त्याने.

४ सप्टेंबर
सकाळीच अण्णा बंदूक घेऊन माझ्या खोलीत. डोळे मीट म्हणाला, खांद्याला लाव. लावली. त्याने माझं कोपर जरासं वर उचललं.
“बिद्दप्पाला आखूड पडते ही,” म्हणाला. “मी गेलो की गावाला कळवायचे दोन बार तूच काढ, पोन्नी.”