शेवटच्या कडव्यापासून

सोमवार, ३ मार्च

चि. खारीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. लहानपणी तू घरातली हरेक वस्तू उचलून भलतीकडे नेऊन ठेवायचीस, म्हणून तुझं नाव खार पडलं. पुढे तू लोकांच्या वेबसाइटी एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे हलवायचा धंदा काढलास, तेव्हा तुझ्या आत्याला फार नवल वाटलं. मला नाही वाटलं.

आता माझंच बिऱ्हाड हलवायची पाळी आली आहे. माझी शाळेच्या कवितांची वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर इतकी वर्षं सुखाने नांदली, तिने कळवलं आहे की महिनाअखेरीस ती हे दुकान बंद करून 'अधिक रोमांचक दिशेने' जाणार आहे. जावो बापडी. आमच्या वयात रोमांच फक्त गार पाण्याने येतात.

वेबसाइटीत काय आहे ते तू जाणतेसच. जगभरच्या म्हाताऱ्यांनी आपापल्या वर्गातल्या चालीत म्हणून, मोबाइलवर भरून पाठवलेल्या कविता. कोणाला मध्येच धाप लागते, कोणाची कवळी वाजते, पण शेवटचं कडवं येईपर्यंत सगळे चौथीत गेलेले असतात. काल मी झऱ्याची कविता पुन्हा ऐकली आणि खोलीत ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास आला. तुझी आत्या म्हणाली की शेजारी भिंत रंगवतायत, त्याचा वास आहे. अशा बाईबरोबर मी जन्म काढला.

आता मुद्द्याचं. आवाज हरवले तर मी रडेन आणि गप्प बसेन. पण वेबसाइटीच्या पत्त्याची मेलपेटी एक दिवसही बंद राहता कामा नये, आणि त्याला कारण तुझे वडील. आम्ही एका बाकावर बसलो, पुढे मी त्याच्या बहिणीशी लग्न केलं, एवढं सगळं त्याने सहन केलं. पण त्याने पाठवलेल्या नावाड्याच्या कवितेखाली मी 'ही चाल चुकीची आहे' अशी छोटीशी संपादकीय टीप काय टाकली, गृहस्थाने बोलणंच टाकलं. टीप खरी आहे, त्याला मी काय करणार? तरी एक ना एक दिवस त्याचं डोकं ताळ्यावर येईल. फोनवर मला ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक आहे, तेव्हा लिहिलं तर तो त्याच पत्त्यावर लिहील. त्या दिवशी दार उघडं मिळालं पाहिजे. मी रोज सकाळी चहाच्या आधी पेटी उघडून बघतो ती त्याच्यासाठीच. हे त्याला सांगू नकोस, नाहीतर आणखी चढून बसेल.

काय काय करायचं ते कागदावर लिहून पाठव. पडद्यावर वाचलेलं माझ्या डोक्यात पडद्याइतकाच वेळ राहतं.

लोभ आहेच, काम नीट झालं तर वाढवण्याचा विचार करता येईल.

तुझे आतोबा


गुरुवार, ६ मार्च

ती. आतोबांना,

सा. न. वि. वि. वेबसाइट हलवण्याची कृती पोस्टाने मागवणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणून तुमचं पत्र मी ऑफिसात भिंतीला लावलं आहे. लोक त्याच्यासमोर उभे राहून कॉफी पितात. आमच्या साहेबांनी विचारलं की उत्तर कबुतराच्या पायाला बांधणार का.

तुमचे सगळे आवाज, कवळ्यांसकट, मी नव्या कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवले. बाकीचं तुमच्याशिवाय होत नाही, कारण वेबसाइटीचं नाव तुमच्या खात्यावर आहे आणि त्याचा कोड तुमच्याच मोबाइलवर येतो. तेव्हा नीट वाचा. आधी नव्या मेलपेटीसाठी एक पासवर्ड ठरवून मला कळवा. आत्याचं नाव नको, ते सगळ्या जगाने ओळखलं आहे. मग मी नव्या ठिकाणी पेटी उघडेन आणि जुनी पत्रं तिच्यात भरून तुम्हाला लिहीन. मग तुम्ही ती उघडून सगळं आलंय ना ते पाहा. आणि अगदी शेवटी, म्हणजे शेवटीच, तुमच्या खात्यात जाऊन नेमसर्व्हर बदला. नेमसर्व्हर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी लावलेली पाटी समजा. ती फिरवली की येणारंजाणारं सगळं, टपालासकट, नव्या घराकडे वळतं. ती कशी फिरवायची ते चित्रं काढून सोबत दिलं आहे.

बाबा ठीक आहेत. हल्ली दार लोटून घेऊन एका बोटाने काहीतरी टाइप करत बसतात. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी पडद्यावर वर्तमानपत्र टाकलं. विचारलं तर म्हणाले की विजेच्या बिलाची तक्रार लिहितोय. तक्रार लिहिताना माणूस नाक पुसतो हे मला नवीन होतं. न्हाणीघरात नावाड्याची कविता मात्र रोज चालू आहे, त्याच चालीत, आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जावी अशा बेताने.

आत्याला नमस्कार. तुमचा लोभ वाढेल तेव्हा वाढेल, आहे तो कमी करू नये.

तुमची खार


गुरुवार, १३ मार्च

चि. खारीस,

अ. उ. आ. उघड डोळे आणि बघ, म्हातारा बिऱ्हाड हलवून मोकळा झाला! ऑफिसातल्या भिंतीवर हेही पत्र लाव.

तुझा कागद चार वेळा वाचला. पहिल्यांदा घाबरलो. मग शाळेतली एक युक्ती आठवली. लांब कविता पाठ करायची तर शेवटच्या कडव्यापासून सुरुवात करायची आणि मागे मागे यायचं. म्हणजे म्हणून दाखवताना जसजसे पुढे जाल तसतशी वाट ओळखीची होत जाते, पाय अडखळत नाही. सबंध शाळा मी याच युक्तीवर निभावली. तेव्हा सोमवारी सकाळी तुझी चित्रं समोर ठेवून आधी ती शेवटची पाटीच फिरवून टाकली. काय सुरेख फिरली! दुसऱ्या दिवशी वेबसाइट नव्या घरातून दिसू लागली. खात्री करायला तुझ्या आत्याच्या पत्त्यावरून मला एक मेल पाठवला, तर तिच्याकडे क्षणात इंग्रजीत पोच आली. आम्ही काही ती वाचली नाही, पण नवी कंपनी सभ्य दिसते. जुनी कधी पोच देत नसे.

आता मी उलटा चालत तुझ्या पहिल्या ओळीपाशी आलो आहे. पासवर्ड म्हणून झऱ्याच्या कवितेची पहिली ओळ चालेल का? लांब आहे, पण चालीत टाइप करता येते.

पेटी चार दिवस अगदी शांत आहे. कोणाचं एक अक्षर नाही. सगळ्यांनाच एकदम काय झालं कोण जाणे. बाकबंधूची वीज कंपनीशी तडजोड झाली का? 

लोभ वाढवला आहे, नोंद घ्यावी.

तुझे आतोबा


मंगळवार, १८ मार्च

ती. आतोबांना,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचून मी खाली बसले. खुर्ची होती हे नशीब.

आतोबा, तुम्ही घर बांधून पूर्ण व्हायच्या आधी सगळ्या गावाला तिकडे जेवायला बोलावलंत. नव्या ठिकाणी पेटीच नव्हती हो! तुम्ही बघत होतात ती जुन्या घराची पेटी, जिकडे आता कोणी फिरकणार नव्हतं. आत्याला आलेली ती सभ्य पोच म्हणजे 'या पत्त्यावर असा कोणी नाही' असा शेरा मारून परत आलेलं तुमचंच पत्र. त्या दिवसांत ज्याने ज्याने तुम्हाला लिहिलं, त्या प्रत्येकाला हाच शेरा मिळाला असणार. ती पत्रं आता येणार नाहीत. कोणाकोणाची होती ते मला इथून दिसत नाही.

पत्र मिळताच मी पेटी उघडली, जुनी पत्रं भरली. पासवर्ड तुमचीच ओळ. टाइप करताना मीही गुणगुणले, साहेब बघत राहिले. सगळं मूळ वेबसाइटशी ताडून पाहिलं आहे. आवाज, चित्रं, तुमच्या टिपा, अगदी स्वल्पविरामसुद्धा जिथल्या तिथे. बाबांच्या चालीखालची टीपही सुखरूप आली, दुर्दैवाने.

बाबांचं काही कळत नाही. गेल्या बुधवारपासून दार उघडं आणि तोंड बंद. न्हाणीघरातली कविता थांबली. शेजारीण चौकशी करून गेली. काल तुमचं नाव निघालं तर म्हणाले की कोण, असा कोणी इसम आपल्या ओळखीत नाही. मग घरात पाकीट आहे का म्हणून विचारलं, आणि चपला घालून पोस्टात गेले.

मला वाटतं ते मला वाटायला नको होतं. तुम्हालाही तेच वाटत असेल.

तुमची खार


सोमवार, १७ मार्च

श्री. संपादक महाशयांस,

सप्रेम नमस्कार असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

गेल्या बुधवारी मी तुम्हाला एक पत्र पाठवलं. लिहायला बरेच दिवस गेले, कारण माझं एकच बोट चालतं आणि तेही तुमच्याबद्दल लिहिताना आखडतं. त्याचं उत्तर मात्र मिनिटाच्या आत आलं की या पत्त्यावर असा कोणी नाही. एवढ्या चपळाईने आपण शाळेत उत्तरं दिली असतीत तर मला बाकाखालून सांगावी लागली नसती.

चाल चुकीची म्हणालात, ते मी गिळत आणलं होतं. पण साफ ओळखच नाकारायची, आणि तीही यंत्राकडून, हे आपल्याला शोभून दिसलं. अभिनंदन. पत्रात काय होतं ते आता सांगण्यात अर्थ नाही. लेकीला सांगितलं तशी वीज कंपनीची तक्रार नव्हती, एवढं खरं.

माझ्या बहिणीला आशीर्वाद. तिचा पत्ता अजून शाबूत असावा असं धरून चालतो.

आपला कोणी नाही


सोमवार, २४ मार्च

प्रिय बाकबंधू,

तुझं आणि तुझ्या लेकीचं, दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. तुझं तुझ्या बहिणीने मोठ्याने वाचून दाखवलं, आणि 'अभिनंदन' हा शब्द तर दोनदा. चहा निवला.

पेटीच नव्हती रे. पाटी आधी फिरली आणि पेटी मागून आली. सविस्तर तुझी लेक सांगेल. तिच्या ऑफिसात सध्या माझ्यावर व्याख्यानं होतात. मी फक्त एवढंच विचारतो की शेवटच्या कडव्यापासून सुरुवात करायला मला शिकवलं कोणी? नावाड्याची कविता, दुसऱ्या दिवशी उभं राहून म्हणायची होती, माझी एक ओळ पाठ नव्हती. मधल्या सुट्टीत खिडकीखालच्या पायरीवर बसून तूच मला मागून पुढे ती पाठ करून दिलीस. डबा खायचा राहिला, तुझाही. तेव्हा हा घोळ माझा नाही, तुझ्या शिकवणीचा आहे. मी नुसता आज्ञाधारक विद्यार्थी.

आणि त्या पायरीवर तू ती ज्या चालीत म्हटलीस, तीच चाल तू पाठवली होतीस. हे माझ्या काल ध्यानात आलं. वर्गातली चाल वेगळी होती, त्याबद्दल मी हटणार नाही.

गेलेलं पत्र पुन्हा लिही. बोट आखडलं तर दुसरं वापर. पेटी उघडी आहे, तिला आता तळही आहे, आणि या पत्त्यावर मी आहे. तुझ्या बहिणीने ठरवलं आहे की तुझं पत्र येईपर्यंत मला चहा नाही, तेव्हा माझ्यावर नाही तर चहावर तरी लोभ धर.

तुझा,
असलेला

ता. क. बिऱ्हाड हलवताना एखाददुसरी वस्तू गहाळ व्हायचीच. तुझ्या चालीखाली माझी कसलीशी टीप होती, ती आज सकाळपासून कुठे दिसत नाही. तुझी लेक छातीठोकपणे सांगते की स्वल्पविरामसुद्धा हरवलेला नाही. पोरांना काय कळतं?