तीन नंबरचा शर्ट आणि बाकीचे दहा

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. गुडघा आता कसा आहे? काकांचा खोकला गेला का, की अजून रात्रभर घर जागं ठेवतात? इकडे सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण बरं कोणीच नाही. तुझी भाचेसून माझ्याशी कामापुरतं बोलते, दुकानातलं मोठं मशीन पुन्हा थडथडायला लागलंय, आणि रविवारी आपला संघ घरच्या मैदानावर तीन-शून्यने हरला. हंगामातला हा दुसराच सामना. पहिल्या सामन्यात शून्य-शून्य बरोबरी झाली तेव्हा नवा कोच म्हणाला होता की आता गाडी रुळावर येतेय. रविवारी ती गाडी आमच्या अंगावरून गेली.

तुझे जावईच संघात आहेत म्हटल्यावर तुला सगळं कळलं असेल असं कोणीही म्हणेल. पण जावईबापू असलं काही सांगणाऱ्यातले नाहीत, आणि चिऊने तुला फोनवर "हरलो" या एका शब्दात आटोपलं असणार. म्हणून मी सविस्तर लिहायला बसलोय. लॉन्ड्रीच्या काउंटरवर इस्त्रीचे शर्ट बाजूला सारून लिहितोय, डोक्यात अजून तिडीक आहे, त्यामुळे अक्षराकडे दुर्लक्ष कर.

आधी सामन्याबद्दल. समोरचा संघ कोण, तर यंदाच खालच्या गटातून वर आलेला. त्यांचा गोलकीपर आठवडाभर शाळेत गणित शिकवतो म्हणे. (रविवारी त्याला शिकवण्या घ्यायला भरपूर वेळ होता, कारण चेंडू त्याच्याकडे गेलाच नाही.) आपल्या कोचजवळ एक जाड वही आहे. सामना चालू असताना तो त्यात सारखा काहीतरी लिहीत असतो, मैदानाकडे बघायला त्याला सवड मिळत नाही. पहिला गोल झाला तेव्हा आपला गोलकीपर एक हात वर करून ऑफसाइड, ऑफसाइड म्हणत उभा होता, आणि चेंडू दुसऱ्या हाताखालून शांतपणे आत गेला. दुसरा गोल झाला तेव्हा आपला नवा स्ट्रायकर मधल्या रेषेवर डोक्याचा पट्टा सारखा करत होता. त्याच्या पायातून चेंडू काढून घेतला तरी त्याला कळलं नाही, पट्टा नीट बसल्यावर कळलं. या माणसाला सगळे केसवाला म्हणतात. तिसरा गोल मात्र जावईबापूंच्या नडगीला लागून आपल्याच जाळीत गेला, म्हणजे सेल्फ गोल. आता तूच सांग, त्यांचा माणूस एकटा चेंडू घेऊन सुटला होता, बाकीचे दहा जण पंचांकडे तक्रारीच्या नजरेने बघत होते, आणि पस्तिशी ओलांडलेले जावईबापू अर्धं मैदान धावत येऊन त्याच्या पायाशी आडवे पडले. चेंडू लागला, तिरका गेला आणि आत शिरला. शेवटचा स्पर्श त्यांचा म्हणून पाप त्यांचं.

सामना संपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे माझ्या दुकानासमोरच्या सलूनमध्ये जमलो. सलूनवाल्याने भिंतीभर संघाचे फोटो लावलेत, गिऱ्हाईक आरशात स्वतःपेक्षा गोलकीपरलाच जास्त बघतं. त्या दिवशी तो एकाची दाढी करत होता. हातातला वस्तरा तसाच धरून तो स्टुलावर चढला आणि जावईबापूंचा फोटो खिळ्यावरून उतरवून टॉवेलांच्या कपाटात उलटा ठेवला. (ते गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने तासभर बसून होतं. मधूनमधून मान हलवून अनुमोदन देत होतं, साबण गालावर वाळून गेला.) मग निवृत्त गुरुजींनी खिशातून कागद काढला. गुरुजींच्या खिशात कागद कायम असतो, शाळा सुटली तरी तपासायची खोड सुटलेली नाही. त्यांनी लाल शाईत क्लबच्या समितीला अर्ज लिहिला: तीन नंबरच्या खेळाडूने क्लबची पुष्कळ वर्षं सेवा केली आहे, तरी त्यांना आता विश्रांती देण्यात यावी. खाली सह्या. एक्केचाळीस झाल्या. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी तर काय प्रकरण आहे ते न विचारताच केल्या.

मी सही केली नाही. (केली, पण वाचता येणार नाही अशी केली. नातेवाईक म्हणून पक्षपाती ठरायला नको, असं त्या वेळी वाटलं. काय वाटेल ते वाटतं माणसाला.)

सोमवारी दुपारी क्लबचे कपडे आले. दोन मोठ्या पिशव्या, दर सामन्यानंतर येतात, तेवीस वर्षं येताहेत. आत्या, माणसं खोटं बोलतात, वर्तमानपत्रं बोलतात, पण कपडा बोलत नाही. गवताचा डाग कुठे आहे यावरून माणूस कुठल्या कुशीवर पडला ते मी सांगतो. आदल्या दिवशी पाऊस होऊन मैदानात चिखल झालेला होता, म्हणून मी ब्रश, साबण, मोठी टाकी, सगळी तयारी करून बसलो होतो. पहिला शर्ट काढला तो केसवाल्याचा. त्यावर मी शनिवारी केलेल्या इस्त्रीची घडी जशीच्या तशी होती. शर्टाला सेंटचा वास येत होता. गोलकीपरच्या चड्डीचे दोन्ही गुडघे पांढरेशुभ्र. मधल्या फळीतल्या एकाच्या शर्टावर डाग सापडला म्हणून आनंदाने उजेडात नेला, तर चहाचा निघाला. एकेक करत दहा शर्ट काउंटरवर ठेवले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अकरावा शर्ट तीन नंबरचा, म्हणजे डाव्या बाजूला खेळणाऱ्या जावईबापूंचा. तो पिशवीच्या तळाशी होता आणि चिखलाने इतका जड झाला होता की ओला टॉवेलच हाती लागला असं वाटलं. दोन्ही कुशींवर गवत. पाठीवर बुटाच्या खिळ्यांचे सहा ठसे, मोजून सहा. डावी बाही खांद्यापासून उसवलेली, आणि कोपराशी रक्त. रक्ताचा डाग गार पाण्यातच धुवायचा असतो, गरम लावलं की कायमचा बसतो, एवढं माझ्या हातांना पाठ आहे. तरी मी बराच वेळ नळ चालू ठेवून नुसता उभा होतो.

मग मी अकराही शर्ट उचलून रस्ता ओलांडला. सलूनमधल्या खुर्च्यांच्या पाठींवर ते ओळीने पसरले आणि म्हटलं, बघा. गुरुजींनी चष्मा लावून एकेक शर्ट वह्या तपासावा तसा तपासला. सलूनवाला हट्टी, त्याला चूक कबूल करायची म्हणजे दाढ काढल्यासारखं होतं.

"चिखल काय, पाऊस झाला होता. चिखल लागणारच," तो म्हणाला.

"मग पाऊस काय फक्त डाव्या बाजूला पडला होता का?" मी म्हणालो.

गुरुजींनी तीन नंबरची बाही हातात घेतली, उसवलेली शिवण बोटाने जुळवून बघितली, आणि खाली मान घालून म्हणाले की अर्ज त्यांनी सकाळी दहालाच समितीच्या हातात दिला. वेळेचे पक्के आहेत ते. एरवी लायब्ररीचं पुस्तक चार महिने घरात ठेवतात, पण हे काम मात्र दहाच्या ठोक्याला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं क्लबवर गेलो, मी, गुरुजी आणि सलूनवाला. (सलूनवाला आपण नुसते सोबत आलोय असं वाटभर सांगत होता.) फाटकावर सूचना लागलेली होती: चाहत्यांच्या भावनांचा आदर राखून तीन नंबरच्या खेळाडूस येत्या रविवारी विश्रांती. मी बावीस वर्षांचा असल्यापासून या क्लबला पत्रं लिहितोय. बाकांचे खिळे वर आलेत, संडासाला कडी नाही, एका पत्राला उत्तर नाही. आणि आमच्या भावनांचा आदर करायला यांना मुहूर्त सापडला तो हा. गुरुजींनी सेक्रेटरीला अर्ज परत मागितला. त्याने सांगितलं की क्लबच्या इतिहासात एवढ्या सह्यांचा अर्ज कधी आला नव्हता, त्यांनी तो फाइलला लावलाय, आता काढला तर फाइल फाटेल.

कोच मैदानाच्या कडेला वही घेऊन उभा होता. मी त्याच्यासमोर पिशव्या ठेवल्या आणि सांगितलं की तीन नंबरचा शर्ट मी धुऊन, शिवून आणलाय, बाकीचे दहा तसेच परत आणलेत, जे मळलंच नाही ते मी धुणार नाही. तो माणूस गोंधळला. त्याने वरचा एक शर्ट काढला, नाकाशी नेला, मग दुसरा नेला.

"धुतलेत की," तो म्हणाला.

"नाहीत धुतले."

त्याने तिसरा हुंगला. मग केसवाल्याला हाक मारून त्यालाही हुंगायला लावला. दोघांनी मिळून दहाही शर्ट हुंगले आणि शेवटी कोच मला म्हणाला की काका, उगाच वाद कशाला, काम नेहमीसारखंच छान झालंय. आत्या, मी आयुष्यात खूप माणसांशी भांडलोय, पण माझं भांडण समोरच्याला कळलंच नाही असं पहिल्यांदा झालं. मग मी त्याला फोड करून सांगितलं. डाग दाखवले, म्हणजे नसलेले डाग दाखवले. आवाज चढला. गुरुजी मला मागे ओढत होते आणि सलूनवाला (नुसता सोबत आलेला) माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता. कोचने सगळं ऐकून घेतलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं. त्याने लिहिलं होतं: लॉन्ड्री बदलणे.

एवढ्यात मैदानाच्या पलीकडून जावईबापू आले. त्यांच्या कोपराला पट्टी होती, तरी सरावासाठी चेंडूंची जाळी खांद्यावर घेऊन ते एकटेच सगळ्यांच्या आधी उतरले होते. मला वाटलं, आता हे तरी दोन शब्द सुनावतील, कोचला किंवा आम्हाला. त्यांनी शर्ट उलगडला, बाहीची शिवण बघितली, म्हणाले, छान शिवलंय दादा, दिसत पण नाही. सलूनवाल्याने त्यांच्याकडे बघायचं टाळून बुटाची नाडी बांधली (त्याच्या पायात चपला होत्या). मी विचारलं की तुम्हाला राग येत नाही का. ते जाळी खाली ठेवत म्हणाले, "गोल तर माझ्याच पायाला लागून गेला ना." आणि चेंडू एकेक करून मांडायला लागले. मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. चांगल्या माणसांचा एक त्रास असतो, त्यांच्या वाटणीचा रागही आपल्यालाच करावा लागतो.

तर असं आहे. आज गुरुवार. सलूनवाल्याने फोटो परत खिळ्याला लावलाय आणि त्या अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला एक दाढी फुकट दिलीय. गुरुजींनी पहिला अर्ज रद्द करावा म्हणून दुसरा अर्ज लिहिलाय, सह्या छत्तीस झाल्या. माझ्यापुरतं म्हणशील तर मी ठरवलंय, या क्लबशी माझा संबंध संपला. रविवारी मी मैदानाकडे फिरकणार नाही, पुढच्या रविवारीही नाही, आणि माझ्यासमोर कोणी फुटबॉल हा शब्द काढला तर त्याचे कपडे मी घेणार नाही. काकांना नमस्कार सांग. औषधं वेळेवर घे.

तुझा भाचा

ता. क. रविवारी जातोय. गुरुजींनी जागा धरून ठेवलीय, आणि त्यांना एकटं बसवणं बरं दिसत नाही.

ता. क. दुसरा. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली म्हणजे चार वेळा लिहून खोडली. तिसरा गोल झाल्यावर निम्मं मैदान उठून गेलं होतं, शांतता पसरली होती, आणि त्या शांततेत पहिला जो माणूस उभा राहून ओरडला की या म्हाताऱ्याला घरी पाठवा, तो मी. बाकीच्यांनी माझ्यामागून सुरू केलं. मला माहीत नव्हतं की चिऊ माझ्याच पुढे दोन ओळी सोडून बसलीय. तिने वळून बघितलं. पिशवी उचलली आणि निघून गेली.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहायचं खरं कारण हेच. त्या दिवसापासून चिऊ आमच्याकडे आलेली नाही. फोन केला तर उचलते आणि बाजूला ठेवून देते, मला तिच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. काल तुझी भाचेसून तिच्याकडे जाऊन आली, तर जावईबापूंचे सरावाचे कपडे ती न्हाणीघरात बादलीत घेऊन हाताने धूत होती. सख्खा मामेभाऊ लॉन्ड्रीवाला असताना. आत्या, मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तू तिला एक फोन कर. माझी बाजू घेऊ नकोस, ती घेण्यासारखी नाही. एवढंच सांग की त्याने कबूल केलंय आणि त्याला आवाज फुटत नाहीये. हे वाचून तू माझ्यावर भडकणार हे मी धरून चाललोय, आणि ते बरोबरच आहे. फक्त सगळा राग माझ्यावर संपवू नकोस, थोडा त्या कोचसाठी ठेव. त्याचा पत्ता मागे लिहिलाय.