बिनआवाजाचा डबा

४ फेब्रुवारी
दुकानदार हसला! का, तर मी स्क्रूड्रायव्हर कॉम्प्युटरला टेकवून त्याची मूठ कानाला लावली. थिएटरच्या केबिनमध्ये बत्तीस वर्षं प्रोजेक्टर असेच तपासले, आता सवय जाईल कशी? "काका, कॉम्प्युटर आहे हा, ट्रकचं इंजिन नाही." हसू दे. टीव्हीला जोडायचा छोटासा डबा, त्यावर पिक्चर दिसावा आणि डब्याने तोंड उघडू नये, एवढंच माझं मागणं. माझ्या खिशात तेवढंही बसत नाही.

५ फेब्रुवारी
हा खटाटोप कशासाठी, ते इथे तरी लिहितो. हिच्या डोळ्यांचे डॉक्टर मागच्या महिन्यात म्हणाले — सहा महिने, फार तर आठ. कडेकडेनं दिसणं मिटत चाललंय.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. हिने माझ्या थिएटरात किती पिक्चर पाहिले, गणती नाही. ही खाली एकटी, मी वर केबिनमध्ये. शेजारी बसून एकही नाही! थिएटर बंद झालं तेव्हा मालकांनी जुन्या पिक्चरची एक डिस्क हातावर ठेवली. आमच्या टीव्हीला ती नुसती कळत नाही, मध्ये कॉम्प्युटर लागतो. हिला दिसतंय तोवर एक तरी पिक्चर हिच्या शेजारी बसून बघायचाय. पण मशीन घरघरलं की मी उठणार. जन्मभर त्याच आवाजावर उठत आलो. म्हणून डबा मुका हवा.

९ फेब्रुवारी
आणला एक. दुकानात चिडीचूप होता. घरी लावला तर पंखा पिठाच्या गिरणीसारखा! दुकानाबाहेर एवढी रहदारी, तिथे कुठलंही मशीन मुकंच वाटणार. आवाजावर पोट भरलं मी, आणि एवढी साधी अक्कल नाही. ही म्हणते, "अहो, मला नाही हो त्रास होत." मला होतो ना!

१० फेब्रुवारी
परत केला. दुकानदाराचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

१५ फेब्रुवारी
जावयाचा फोन. "बाबा, बिनपंख्याचा घ्या." घ्या! किंमत ऐकूनच मी गार पडलो. स्वस्तातला एक बिनपंख्याचा बघितला, तर त्यात पिक्चर अडखळतो. माणूस दारातून आत यायला तीन हिसके खातो. असला पिक्चर हिला दाखवू?

१९ फेब्रुवारी
ऑफिसांतले जुने डबे विकणाऱ्याकडे गेलो. सगळे दमेकरी. हात हलवत परत आलो, तर हिने चहा कपाबाहेर ओतलेला. ओरडलो. "लक्ष कुठे असतं तुझं?" ही फडकं घेऊन पुसत राहिली, कोरडी जागासुद्धा. मागाहून फार वाईट वाटलं, पण तोंडाने सांगणं जमलं नाही.

२० फेब्रुवारी
काही होणार नाही. दिवस चाललेत.

२४ फेब्रुवारी
पहिल्याच दुकानात परत. तिथे मांडून ठेवलेला एक चांगला बिनपंख्याचा डबा आहे, कोपरा चेपलाय म्हणून स्वस्तात देतोय. सायकल विकली आणि घेतला. ही म्हणाली, "घाई कसली करता? मला दिसतंय की अजून." मग घाई करायला नको?

२७ फेब्रुवारी
दुपारी पडदे ओढले आणि हिच्या शेजारी बसलो. डबा अगदी गप्प. पाऊण तास झाला असेल — चेपलेल्या कोपऱ्यातली वायर सुटली आणि टीव्ही काळा! स्पीकर डब्याला वेगळा जोडलेला, त्यामुळे पिक्चरमधलं बोलणं चालूच. मी खुर्ची मागे ढकलून उठलो. ही समोर बघत हसत होती. माझा हात धरून म्हणाली, "बसा हो. किती स्वच्छ दिसतंय!"

बसलो.